विचारून शिवलेली वाकळ



खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण या विषयांवर बोलण्यात माझी नोकरीची तीस वर्षे गेली. आज मात्र विषय सुई-दोऱ्याचा काढणार आहे. बी.एस्सी. ॲग्री. झालेली बाई दुपारच्या वेळी वाकळ शिवत बसते, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. लोकांच्या बांधावर जाऊन काटकसरीच्या गोष्टी सांगायच्या आणि आपल्या घरातले जुनेर उकिरड्यावर टाकायचे, हे कसे जमावे?

आमच्या कृष्णाकाठाला वाकळ म्हणतात, इतर ठिकाणी गोधडी म्हणतात. तान्ह्या बाळाचे असते ते दुपटे. बंगाली बायकांचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान-गुजरातकडची रल्ली, कर्नाटकातली कौदी ही सगळी त्याच कुळातली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात. भाषा वेगळी, पण झिजलेले कापड थरावर थर ठेवून धावदोऱ्याने सांधायचे आणि त्याला पुन्हा कामाला लावायचे, ही अक्कल सगळीकडच्या बायकांची एकच.

यंदा माझ्या हातून काय काय झाले ते आधी सांगते. पहिले झाले ते लेकीच्या बाळाचे दुपटे. घरच्या धन्याचे दोन सुती सदरे झिजून जाळीला आले होते. ते बाळाच्या अंगाला जितके मऊ लागतात तितके नवे कापड लागत नाही. दुसरी झाली ती गोठ्यातल्या कालवडीची झूल. पौषातल्या पहाटे ती कुडकुडायची. पोत्याला आतून जुन्या चादरीचे अस्तर दिले आणि पोटाखालून बांधायला दोन बंद लावले. तिसरी वाकळ पाहुण्यांसाठी. तिच्या पोटात मी एका जुन्या कृषी मेळाव्याचा कापडी फलक घातला. फ्लेक्स येण्यापूर्वीचा, जाड मांजरपाटाचा. पाहुण्यांना ठाऊक नसते, पण ते ज्या वाकळेखाली झोपतात तिच्या आत ‘माती परीक्षण करा’ असे ठसठशीत लिहिलेले आहे.

ही झाली घरची शिवण. आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या गल्लीत आम्ही पाचजणी आहोत. शेजारच्या आक्का, माझी धाकटी जाऊ, शाळेजवळच्या वहिनी, पिठाच्या गिरणीवाल्या मावशी आणि मी. दिवाळीनंतर सुट्टीच्या दुपारी आम्ही एकत्र शिवायला बसतो. यंदा आक्कांनी विषय काढला, “आपल्या घरात आता उतरंडीसारख्या वाकळा झाल्या. ओढ्याकाठी ऊसतोडीवाले उतरलेत. त्यांच्या लेकरांना काहीतरी शिवूया.”

ऊसतोड मजूर तुम्हाला नवे नाहीत. बीड, जालना, अहिल्यानगर अशा भागांतून दर गळीत हंगामाला ही माणसे मुकादमाची उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहाटे उठून फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. राहायला पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी. आपल्या उसाची साखर होते ती या हातांमुळे. आणि आपण त्यांच्या कोपीत एकदाही वाकून पाहत नाही, हेही खरे.

आक्कांचे बोलणे सगळ्यांना पटले. वहिनी लगेच म्हणाल्या, “चांगल्या मोठ्या, दोघे मावतील अशा शिवू.” मी म्हटले, “आधी जाऊन विचारूया.” विस्ताराच्या कामातला हा पहिला पाठ. शेतकऱ्याला काय हवे हे बांधावर बसून विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नसतो. देण्याघेण्यालाही तेच लागू.

तेव्हा एका रविवारी आम्ही तळावर गेलो. माझ्या वन्सं, म्हणजे घरच्या धन्याच्या थोरल्या बहीण, तेव्हा माहेरपणाला आल्या होत्या. त्याही बरोबर निघाल्या. दुपारी माणसे फडातच होती. तळावर होती ती एक म्हातारी आणि लहान पोरे. फडातून पाणी न्यायला एक तरुण बाई आली होती. आम्ही वाकळांचे बोललो. ती हंडा खाली ठेवून हसली.

“मोठी नका देऊ बाई. ट्रॅक्टरमधी सामानाला जागा कुठंय? अन् एवढी जड वाकळ धुवायला पाणी कुठून आणू? द्यायचीच तर लहान द्या. लेकराला फडात घेऊन जाते मी. वल्ल्या भुईवर झोपवावं लागतं.”

पाहा, आम्ही पांघरुणाचा विचार करत होतो आणि तिला हवे होते अंथरूण. तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. भुईला टेकलेले अंग आपली ऊब भुईला देत राहते, आणि पाणी दिलेल्या फडातली भुई ओली व गार असते. वरून कितीही पांघरा, खालून गारठा येतच राहतो. वाकळेची ऊब कापडाच्या जाडीत जेवढी असते, त्याहून जास्त दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. हवा अडली की अंगातली ऊब बाहेर जात नाही. आपण उसाच्या सरीत पाचट पसरतो ते याचसाठी. पाचटाखालची माती उन्हाने तापत नाही, थंडीने एकदम गार पडत नाही आणि ओलही धरून ठेवते. म्हणून तर आम्ही ‘पाचट जाळू नका’ असे ओरडत असतो. पाचट ही जमिनीची वाकळच की.

त्या बाईने आणखी एक गोष्ट सांगितली. “फुकटचं नको वाटतं. आमच्या म्हातारीला टाके घालता येतात. तिला बी बसवा तुमच्यात.” हेही आम्ही मनाशी बांधून घेतले.

निघताना लेकरे मोजली. अंगावरची आणि रांगणारी आठ. त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या मोठ्या पोरी तीन. त्यातली एक आठेक वर्षांची, कडेवर भावाला घेऊन कोपीच्या दारात उभी होती. भाऊ तिच्या निम्म्याहून मोठा दिसत होता. वन्सं तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. येताना त्या वाटभर बोलल्या नाहीत.

आता प्रश्न कापडाचा. भगिनींनो, तुम्हीही हे अनुभवले असेल. हल्ली घराघरात जुने कापड ढीगभर निघते, पण त्यात सुती किती? साड्या बहुतेक नायलॉन-पॉलिस्टरच्या. त्यांची वाकळ दिसायला झकपक होते, पण घाम टिपत नाही. आणि कोपीत चूल असते. ठिणगी उडाली तर सुती कापडही पेटते, हे खरे. पण कृत्रिम धाग्याचे कापड वितळते आणि कातडीला चिकटून बसते. तान्ह्या लेकरासाठी ते नकोच, असे आम्ही ठरवले.

सुती कोणते हे ओळखायची सोपी खूण सांगते. कापडाचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. हे पोरांच्या हाती देऊ नका, आणि हाताशी पाणी ठेवा.

आम्ही पाचजणींनी पेट्या उपसल्या. आतल्या थरांपुरते धोतर, चादरी, सदरे निघाले. पण बाहेरच्या अंगाला लागणारे मोठे, मऊ सुती कापड काही पुरेना. माझ्या घरात ते होते. सहा वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई गेल्या. त्यांची पाच इरकली लुगडी ट्रंकेत तशीच घडी घालून ठेवलेली होती. मी तळावर जायच्या आधीच एकदा तो विषय काढून पाहिला होता. तेव्हा वन्सं चटकन म्हणाल्या होत्या, “आईचं लुगडं कापून तळावरच्या चिखलात टाकणार तू?” त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या अंगाचा वास असलेले तेवढेच काय ते मागे राहते. मी पुन्हा बोलले नाही.

तळावरून आलो त्या रात्री जेवणे झाल्यावर वन्संनी स्वतःच ट्रंक उघडली. लुगडी मांडीवर घेतली आणि बोलू लागल्या.

१९७२ सालच्या दुष्काळाच्या गोष्टी तुमच्यापैकी थोरल्यांना ठाऊकच आहेत. सासूबाई तेव्हा पूर्वेकडच्या कोरड्या भागात राहत. विहिरी आटल्या, जनावरे विकली, आणि त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. वाटपाची सुकडी आणि मिलो यांवर दिवस काढले. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या तुटक सावलीत त्या वाकळ अंथरत आणि तिच्यावर तान्ह्या पोराला निजवत. ते पोर म्हणजे आमचे हे. आणि दिवसभर त्याच्याजवळ बसून माश्या वारणारी, तो रडला की त्याला उचलून आईजवळ नेणारी सात-आठ वर्षांची पोर म्हणजे वन्सं.

“वाकळ एकच होती,” वन्सं म्हणाल्या. “ती ह्याच्या खाली. मी खडीवर बसायची. आईला दिसायचं, पण ती तरी काय करणार?”

घरचे धनी तिथेच होते. त्यांना यातले काहीच आठवणे शक्य नव्हते. पण त्यांनी उठून कात्री आणून बहिणीपुढे ठेवली. वन्संनी वारीला नेसायचे एक लुगडे बाजूला काढले आणि चार माझ्याकडे दिली. म्हणाल्या, “बाळांच्या शिवा. पण त्या सांभाळणाऱ्या पोरींनाही एकेक शिवा. त्यांना कुणी धरत नाही हिशोबात.”

आता ज्यांना शिवायचे असेल त्यांच्यासाठी आमची रीत सांगते. जुने कापड आधी कढत पाण्यात सोडा घालून भिजवावे, खळखळून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. ऊन आणि उकळते पाणी यांसारखे ढेकूण-पिसवांवर दुसरे औषध नाही. कापड दमट असताना शिवू नये, आत बुरशी धरते. बटणे, हूक आणि जर काढून टाकावी, बाळाला टोचते. आतल्या थरात नवे कापड घालायचे झाल्यास तेही आधी धुवून घ्यावे, नाहीतर पुढे ते आटते आणि वाकळेला सुरकुत्या पडतात.

नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर भरते. लहान वाकळ आम्ही सव्वा मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढी रुंद धरली. हिशोबाने एका लुगड्यात तीन वाकळांची वरची आणि खालची अंगे निघतात. पण बसून-बसून विरलेला भाग सोडावा लागतो. तो सोडला तरी दोन नक्की होतात. चार लुगड्यांत आठ बाळांच्या वाकळा झाल्या, त्या अशा. आत जुन्या धोतराचे तीन थर. पाच पदरांची ही वाकळ किलोच्या आत भरते, एका बादलीत धुतली जाते आणि हिवाळी उन्हातही दिवसात वाळते. एका कोपऱ्याला कापडाचा बंद लावला, म्हणजे गुंडाळून बांधून नेता येते आणि उसाच्या कांड्याला अडकवून वाळतही घालता येते.

जमीन झाडून सतरंजी टाकावी, थर एकावर एक ताणून पसरावे आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. मग लांब कच्चे टाके घालून सगळे थर आधी जागच्या जागी टाचावेत. जी बाई टाचण्याचा कंटाळा करते तिच्या वाकळेला पोट सुटते. त्यानंतर काठाकाठाने धावदोरा घालत चौकोनामागून चौकोन आत आत जावे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर पुरे. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आला तर उत्तम, दोन दाण्यांएवढा आला तरी चालतो. दोरा सुतीच घ्यावा. फार बळकट कृत्रिम दोरा जुन्या मऊ कापडाला कापत जातो, असा आमचा अनुभव आहे. चौघी बसल्या तर एक लहान वाकळ दोन दुपारींत उतरते. मोठीला एकटीचे आठ-पंधरा दिवस सहज जातात.

ठरल्याप्रमाणे तळावरच्या म्हातारीलाही बोलावले. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यापाशीच टेकली. आक्कांनी हाताला धरून आत बसवले. डोळ्याने अधू, सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो, पण टाका असा सरळ की माझी जाऊ थक्क झाली. आमचे कोपरे एक-दोन धुण्यांत उसवत. तिने काठ कोपऱ्यावर दुमडून त्यात कापडाचा त्रिकोण घालायला शिकवले. तो कोपरा आता ओढून पाहा, हलत नाही. आणि शेवटची बाजू बंद करण्याआधी ती आत भाकरीचा कुटका ठेवायची. “उपाशी वाकळंत ऊब येत न्हाई,” म्हणायची. काही घरांत ही रीत आहे. मला आधी मुंग्यांची आणि उंदरांची आठवण झाली, कारण धान्य साठवणुकीवर मी इतकी वर्षे बोलत आले. मग ज्वारीच्या एका दाण्यावर आमची तडजोड झाली. एक दाणा, तोही कडक वाळवलेला.

तिला निघताना वहिनी चहा-चिवडा बांधून देत. तिसऱ्या दिवशी ती येताना कारळाची चटणी घेऊन आली. त्यानंतर कोण कुणाला देते आहे हा हिशोब आम्ही सोडून दिला.

आठ वाकळा संक्रांतीच्या आत झाल्या. सांभाळणाऱ्या तीन पोरींसाठी जरा मोठ्या, दीड मीटरच्या वर लांब अशा हव्या होत्या. एकीला मावशींची जुनी सुती साडी मिळाली. दोन उरल्या. वन्सं परत सासरी जाण्याच्या आदल्या दिवशी बाजूला काढलेले वारीचे लुगडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “यात बसतील दोन.” बसल्या. त्यांतली एक त्यांनी स्वतः शिवायला घेतली, सासरी नेली आणि पुरी करून एस.टी.ने परत पाठवली.

आता थोडे देण्याबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. माणसांनी मदतीला हात आखडला नाही, हे ऋण आम्ही विसरणार नाही. पण जुन्या कपड्यांचे काही ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेलेही मी पाहिले. विटलेले, फाटलेले, बटणे तुटलेले. घर चिखलात गेलेल्या बाईने त्यांतून काय निवडावे? देणाऱ्याची अडगळ कमी झाली, घेणाऱ्याची गरज तशीच राहिली. तेच जुने कापड कुणी धुऊन, निवडून, चार टाके घालून दिले असते तर ते पांघरूण झाले असते. चिंधी आणि वाकळ यांत फरक असतो तो एवढ्या कष्टाचा.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्यांची गोधडी अंगावर वागवत. त्यांना लोक गोधडे महाराज म्हणत ते त्यामुळे. स्वतः चिंध्या नेसून या माणसाने दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या पक्क्या बांधकामाच्या. स्वतःला जुने आणि दुसऱ्याला चांगले, असा त्यांचा हिशोब होता. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण निदान दुसऱ्याला देताना आपल्या लेकराखाली अंथरू तसेच द्यावे, एवढे तर जमेल?

तर भगिनींनो, माझे सांगणे थोडक्यात असे. वाकळ द्यायची इच्छा असेल तर आधी जाऊन विचारा, किती लहान हवी, अंथरायला की पांघरायला, धुवायला पाणी कुठून आणता. मग सुती कापड निवडा. एकटीने शिवण्यापेक्षा चौघी-पाचजणी बसा, म्हणजे काम उरकते आणि मनातलेही मोकळे होते. ज्यांना द्यायची त्यांच्यातली एखादी बाई बरोबर बसवता आली तर फार चांगले. आणि पेटीच्या तळाशी आईचे, सासूचे एखादे लुगडे जपून ठेवले असेल, तर ते कापा असे मी म्हणणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. एवढेच सांगते की ट्रंकेतल्या लुगड्याला घडीच्या रेघेवर चीर पडते. हे आमच्याच ट्रंकेत पाहिले आहे.

चैत्राच्या तोंडाशी पट्टा पडेल, कोप्या उठतील, ट्रॅक्टर गावाकडे निघतील. तुमच्या गावच्या ओढ्याकाठीही असा तळ असेल. थंडी सरली म्हणून थांबू नका. फडातली भुई उन्हाळ्यातही टोचतेच, आणि लेकरू जिथे आईबाप कामाला जातील तिथेच झोपणार आहे. पुढच्या हंगामासाठी कापड धुऊन वाळवून ठेवायला उन्हाळ्यासारखे दिवस नाहीत.